शतावरी काढून ठेव

कुंताबाई : …अन् तुह्यं साल तर गावात कोणी इसरूच शकत नाही, गुड्डे. भंडाऱ्यातून गोंदिया तोडून वेगळा जिल्हा केला, त्याच महिन्यात तुह्यं बारसं. पंगतीत तिरोड्याचे पाहुणे म्हणत, आता आमी परजिल्ह्याचे, आमाले पहिले वाढा. त्याच पंगतीसमोर ललितानं तुले उचललं अन् माह्या मांडीवर ठेवलं. नव्व्याण्णव साल.

गुड्डी : आई, हे मले तोंडपाठ आहे. पहिले हे सांग, शतावरी काढून ठेवली का? परवा फोनवर म्हटलं होतं.

कुंताबाई : काढून ठेवली म्हणजे. त्या टोपल्यावरचं फडकं काढ.

गुड्डी : हे काय आहे?

कुंताबाई : शतावरी.

गुड्डी : ह्या मुळ्या आहेत, आई.

कुंताबाई : मंग. धुतल्या, सोलल्या, अर्ध्या माळवदावर वाळत घातल्या. टोंगळे दुखते, पाय मुडपत नाही, तरी सब्बल घेऊन बसली मी. तुह्ये बाबा म्हणत, सरक, मी खोदून देतो. मी म्हटलं, हात लावू नका. पंचवीस सालची वेल होती. एक तुकडा जमिनीत ठेवला नाही.

गुड्डी : सगळीच खणली?

कुंताबाई : सगळी. लगन झाल्यापासून पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं.

गुड्डी : मले कोंब पाहिजे होते ना. नवीन फुटतात ते, हिरवे, लांब. नागपूरले मोठ्या दुकानात तशी जुडी मिळते, त्याले अस्परॅगस म्हणतात. अश्विन म्हणाले, ही तं तुमच्या गावच्या शतावरीची बहीण आहे. तेव्हापासून जिभेवर बसलं. त्याचं सॅलड करून खावं वाटून राहिलं.

कुंताबाई : सॅलड म्हणजे?

गुड्डी : कोशिंबीरच. थोडी कच्ची, थोडी उकडलेली.

कुंताबाई : फोनवर तू शतावरी म्हटलं. कोंब नाही म्हटलं.

गुड्डी : हो, चुकलं माझं.

कुंताबाई : तुह्यं नाही चुकलं. मीच उलटी समजली. सातवा लागला, अन् पोरगी म्हणते शतावरी काढून ठेव. मी म्हटलं, दुधासाठी मागून राहिली. बाळंतिणीले मुळी दुधात उकळून देतात ना. म्हणजे पोरगी बाळंतपणाले इथंच येते. मी काल भैय्यालालच्या दुकानात सांगून आली. पिठाच्या गिरणीत सांगितलं. तुह्या बाबाले लेकराले झुलवायच्या बंगईच्या कड्या काढायले लावल्या, त्यायले तेल दिलं.

गुड्डी : आई…

कुंताबाई : तोंड काहून पाडलं?

गुड्डी : काही नाही. कोंब आहेत माझ्याजवळ. थैलीत आहेत.

कुंताबाई : कुठून आणले?

गुड्डी : काकीनं दिले. बसमधून उतरली तं काकी थांब्यावरच उभी होती. ओल्या फडक्यात बांधून आणले होते.

कुंताबाई : ललितानं.

गुड्डी : हो.

कुंताबाई : तिले कसं समजलं कोंब पाहिजे म्हणून?

गुड्डी : व्हिडिओवर बोलताना मी फोटो दाखवला होता. तुझ्या फोनवर दिसत नाही ना.

कुंताबाई : बरोबर आहे. माह्या फोनवर फक्त ऐकू येते. तिले सून हाये, सुनेनं मोठा फोन घेऊन दिला. ती तुह्यं तोंड पाहाते, तू जेवली का नाही ते पाहाते, अंगावर कोणती साडी आहे ते पाहाते. मी हॅलो हॅलो करत माळवदावर चढतो.

गुड्डी : तुला मी फोन देते म्हटलं होतं मागच्या वेळेस. तूच नको म्हणालीस.

कुंताबाई : आण ते कोंब. पाहू दे. हं. इळ्यानं कापले तिनं. असे कापतात का? हातानं वाकवायचं, जिथं आपोआप तुटते तिथपर्यंतच कवळं. खालचं सगळं सुतळीवानी. अन् काटे पाय, काढले बी नाही.

गुड्डी : काढले आहेत, आई. एकही नाही राहिला.

कुंताबाई : हा एक आहे.

गुड्डी : तो काटा नाही. ते पान फुटून राहिलं.

कुंताबाई : तुले सांगतो, तिची वेल बी माह्याच वेलीची. माह्या वेलीचं लाल फळ पाखरानं खाल्लं अन् तिच्या न्हाणीमागं जाऊन हागलं. त्यातून ती उगवली. न्हाणीचं पाणी मिळते म्हणून चैतातबी फुटते. म्हणजे कोंब माह्येच.

गुड्डी : बरं, तुझेच. मग तूच मोड. मी पाणी ठेवते गॅसवर.

कुंताबाई : किती पाणी?

गुड्डी : कोंब बुडतील एवढं. मीठ टाकायचं, उकळी आली की कोंब टाकायचे, अन् शंभर मोजेपर्यंत काढायचे. लगेच माठाच्या थंड पाण्यात. म्हणजे रंग हिरवाच राहाते.

कुंताबाई : अन् फोडणी?

गुड्डी : फोडणी नाही.

कुंताबाई : हिंग नाही, मोहरी नाही?

गुड्डी : नाही. काकडी, कांदा, भिजवलेले मूग, शेंगदाणे. वरून लिंबू, मीठ, जरा मिरेपूड.

कुंताबाई : बैलाले बी आमी चाऱ्यावर ढेपीचं पाणी शिंपडतो. तू तं तेवढंही करून नाही राहिली.

गुड्डी : खाऊन पाहा, मग बोल.

कुंताबाई : बरं. मंग बंगई कुठं टांगायची ते सांग. मधल्या खोलीत टांगली तं रात्री चुलीकडची ऊब मिळते, पण डास येतात. ओसरीवर टांगली तं वारा लागते. काहून बोलत नाही?

गुड्डी : कोंब मोड ना तू.

कुंताबाई : मोडून राहिली. तू बोल.

गुड्डी : आई, रागावू नको. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नाव घातलं आहे. तिथून सुटी झाली की सव्वा महिना… मी काकीकडं राहाते म्हणून ठरवलं.

कुंताबाई : कोणी ठरवलं?

गुड्डी : मी अन् अश्विननं. ऐक ना. रीतावहिनी नर्स आहे, रात्री-बेरात्री काही झालं तं घरातच पाहाते. चंद्रकुमारदादाची गाडी दारात. संडास घरात. तुझ्याकडं तीन पायऱ्या, संडास अंगणापार, अन् तुझे टोंगळे असे. तूच कशी करशील माझं?

कुंताबाई : ललिताले कधी सांगितलं?

गुड्डी : परवा.

कुंताबाई : परवा. म्हणजे परवा तिले माहीत, अन् काल मी गावभर सांगून आली. भैय्यालालच्या दुकानात ती होती, गुड्डे. तेल घ्यायले आली होती. मी मोठ्यानं सांगितलं, गुड्डी येते माह्याकडं. तिनं ऐकलं. तोंड उघडलं नाही. तेल घेतलं अन् गेली.

गुड्डी : तुझा मान ठेवला तिनं.

कुंताबाई : मान. हसली असंल घरी जाऊन. सुनेले सांगितलं असंल, पाय, म्हातारी कशी नाचून राहिली.

गुड्डी : काकी तशी नाही.

कुंताबाई : तुले काय माहीत ती कशी आहे. माह्या लगनाले अकरा वर्ष झाले होते, कूस उजवली नव्हती. ती दोन वर्षामागून आली अन् दोन पोरं झाले. तिसऱ्या वेळेस तिचा नवरा धनीराम तुह्या बाबाले म्हणे, दादा, पोरगा होवो का पोरगी, हे तुमचं. मी देवाजवळ पोरगीच मागितली. पोरगा दिला असता तं तिनं परत मागितला असता.

गुड्डी : असं नको बोलू.

कुंताबाई : तुह्या बारशाआधी दोन महिने मी शतावरी खाल्ली, माहीत आहे तुले? मोहफुलं वेचताना जंगलात एक म्हातारी भेटली होती, नाकाडोंगरीकडची. ती म्हणे, जिले लेकरू झालं नाही तिलेबी ह्या मुळीनं पान्हा फुटते, मन पाहिजे. मी मुळी आणली, अर्धी घोटून पेली, अर्धी अंगणात लावली. सकाळ संध्याकाळ. सासूनं विचारलं काय पेतेस, तं सांगितलं, टोंगळ्याचं औषध. तेव्हापासून टोंगळे दुखते म्हणतो मी.

गुड्डी : मंग?

कुंताबाई : मंग तू आली. पहिले चार दिवस शेळीचं दूध वाटीनं पाजलं. तू रडू रडू निळी. भिंतीपलीकडं ललिता. मी तिले बारशाच्या रात्रीच सांगितलं होतं, दिली ती दिली, आता पदर घेऊन दारात येऊ नको. मी तुले छातीशी धरून बसे. काही नाही. पण पाचव्या सहाव्या दिवसापासून, गुड्डे, तू माह्या छातीशी लागली का शांत होये. चोखे अन् झोपून जाये. महिन्यानं अंग धरलं, गाल आले. बाया म्हणत, कुंता, शेळीच्या दुधावर असे गाल येत नाहीत. मी काही बोलली नाही. मले माहीत होतं कशानं आले ते.

गुड्डी : दूध दिसलं होतं तुला?

कुंताबाई : दिसायले काय पाहिजे. लेकरू रडत नाही म्हणजे दूध आहे. तू दिवसभर माह्याजवळच. फक्त सकाळी मी ढोरांचं करायले जाये अन् दुपारी धुणं घेऊन जाये, तेव्हा तुह्ये बाबा तुले खांद्यावर टाकून बोडीवर फिरवून आणत. तळ्याच्या पाण्याचा वारा लागला का पोरगी खुश राहाते, असं म्हणत. परत आणत तं तू टम्म, झोपेत हसे.

गुड्डी : रोज न्यायचे बोडीवर?

कुंताबाई : रोज. तीन महिने. आता तुले तिच्या घरी राहायचं असंल तं राय. रीता सुई मारील, गाडी भुर्र जाईल. पण एवढं ध्यानात ठेव, ललितानं तुले जन्म दिला, दूध माह्यं पेली तू. हे मी आजवर कोणाले सांगितलं नव्हतं. पाणी उकळलं पाय.

गुड्डी : हो. टाकते कोंब. आई, लिंबू कुठं आहे?

कुंताबाई : लिंबू नाही. मागच्या आंब्याची कैरी आणतो, ती किसून टाक. अन् मी डोळे पुसायले जात नाही, कैरी आणायलेच जातो.

गुड्डी : …अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. काकी? तू कधी आली? ये ना आत.

ललिताबाई : मागच्या दारानं आली. शेंगदाणे भाजून आणले. तुह्यी आई कुठं?

गुड्डी : कैरी तोडायला गेली. बस ना.

ललिताबाई : उभीच बरी. सांगितलं का तिले?

गुड्डी : सांगितलं.

ललिताबाई : काय म्हणाल्या जाऊबाई?

गुड्डी : तुझ्यावर बोलली.

ललिताबाई : ते तं बोलणारच. कोंब पाण्यातून काढ, जास्त राहिले तं लिबलिबीत होतात.

गुड्डी : काकी, एक विचारते. खरं सांगशील?

ललिताबाई : विचार.

गुड्डी : बाबा मला लहानपणी बोडीवर फिरवायला न्यायचे का?

ललिताबाई : …न्यायचे.

गुड्डी : बोडीवर?

ललिताबाई : बोडीकडं जायचा रस्ता माह्या मागच्या अंगणातून आहे.

गुड्डी : म्हणजे तुझ्याकडं आणायचे. सकाळी अन् दुपारी.

ललिताबाई : कोणी सांगितलं तुले?

गुड्डी : कोणी नाही. आईनंच सांगितलं, तिला माहीत नसताना.

ललिताबाई : पाचवा दिवस होता तुले देऊन. तुह्ये बाबा आले. मी डोक्यावर पदर घेऊन उभी. भासऱ्यासंग, नवऱ्याच्या मोठ्या भावासंग, भावसून बोलत नाही आमच्यात, तुले माहीत आहे. त्यायनं तुले माह्या बाजेवर ठेवलं अन् पाठ फिरवून बोडीकडं तोंड करून उभे राहिले. तू पेली. पोट भरलं तशी मी दोनदा बाज वाजवली. ते वळले, उचललं, गेले. तीन महिने, दिवसाले दोनदा. एक शब्द नाही बोललो आमी. पंचवीस वर्ष झाले, अजूनबी नाही बोललो.

गुड्डी : तुला कसं वाटे?

ललिताबाई : छाती हलकी होये.

गुड्डी : काकी.

ललिताबाई : आता काय सांगू. भिंतीपलीकडून आवाज येई. तू जाऊबाईच्या छातीशी चुपचाप झोपलेली, अन् त्या बायांले ऐकू जाईल अशा बोलत, माही गुड्डी, माही गुड्डी. दूध माह्यं अन् नाव त्यायचं. जीव जळे. चंद्रकुमारले मी विनाकारण मारलं त्या दिवसांत.

गुड्डी : मग सांगितलं काहून नाही कधी?

ललिताबाई : सांगितलं असतं तं तुले उचलून घेऊन जा म्हटल्या असत्या. अन् मंग कुठं गेल्या असत्या, कोण जाणे. बोडी जवळच होती. तुह्ये बाबा तेव्हा तिकडंच पाहात उभे राहात, मले वाटे ते त्याच धाकानं पाहातात.

गुड्डी : मी सांगू का तिला? चांगल्या शब्दांत?

ललिताबाई : नाही. तेवढंच आहे त्यायच्याजवळ. अन् ऐक, बाळंतपणाले माह्याकडं येऊ नको.

गुड्डी : रीतावहिनीनं तं खोली लावून ठेवली.

ललिताबाई : रीताले मी पाहातो. पायऱ्यांले लाकडाची फळी टाकून देतील तुह्ये काका. रात्री दुखलं-खुपलं तं रीता येईल, दोन घरांमधे एक भिंतच तं आहे.

गुड्डी : तुला नाही वाटत मी तुझ्याजवळ राहावं म्हणून?

ललिताबाई : वाटते. म्हणून तं सांगून राहिली. सव्वा महिना तू माह्या घरी, लेकरू माह्या पदराखाली, जाऊबाई दारात येऊन टोमणे मारणार. एखाद्या दिवशी माह्या तोंडातून निघून जाईल. मी काही लय चांगली बाई नाही, गुड्डी. येऊन राहिल्या त्या. काकडी चिर.

कुंताबाई : आली का ही. मले वाटलंच. मागच्या दाराची कडी वाजली.

ललिताबाई : शेंगदाणे आणले, जाऊबाई.

कुंताबाई : माह्या घरी शेंगदाणे नाहीत का? कोंब तुह्ये, शेंगदाणे तुह्ये, पोरगीबी आता तुह्याच घरी. पाणी तेवढं माह्या माठाचं आहे. तेबी घेऊन जा.

ललिताबाई : पोरगी माह्या घरी नाही येऊन राहिली.

कुंताबाई : म्हणजे?

ललिताबाई : रीताची ड्युटी बदलली. शहापूरकडं जा लागते तिले, दिवसभर घरी नाही. चंद्रकुमार कामावर. मले एकटीले नाही झेपत. तेच सांगायले आली होती. तुमच्याकडंच बरं.

कुंताबाई : कालपर्यंत नव्हती बदलली?

ललिताबाई : आज सकाळी फोन आला.

कुंताबाई : हे पाय ललिता, मले दया करून काही देऊ नको. एकदा दिलं तुनं, पंचवीस वर्ष गावानं माह्या तोंडावर मारलं ते.

गुड्डी : आई, दया नाही. मीच म्हटलं काकीला. मला इथंच यायचं आहे. बाबा पायऱ्यांवर फळी टाकतील.

कुंताबाई : तू म्हटलं?

गुड्डी : मी म्हटलं. तुझ्या मुळ्या वाळून राहिल्या ना वर, त्या काय काकीकडं वाहून नेऊ?

कुंताबाई : …कैरी आंबट आहे. अर्धीच किस.

गुड्डी : बरं.

कुंताबाई : हे पाय ललिता, तू येजो. लेकरू पाहायले येजो, मी नाही म्हणत नाही. पण आंघोळ मी घालीन.

ललिताबाई : हव.

कुंताबाई : मालीशबी मीच करीन. तुह्या हाताले जोर नाही.

ललिताबाई : हव.

कुंताबाई : रीतानं सुई मारायची असंल तं मारावी. बाकी लेकराले हात लावताना हात धुऊन.

ललिताबाई : सांगतो तिले.

कुंताबाई : अन् गुड्डीले दूध उतरलं नाही, असं होणारच नाही. मुळ्यांचा गुण मी स्वतः पाहिलेला आहे. तुले नाही माहीत ते.

ललिताबाई : तुमच्या मुळ्यांचा गुणच आहे, जाऊबाई. मी भिंतीपलीकडून पाहिलं ना. पोरगी रडतच नव्हती.

कुंताबाई : पाहिलं होतं ना तुनं?

ललिताबाई : पाहिलं होतं.

कुंताबाई : मंग उभी काहून आहेस. बस. गुड्डे, तिले वाटीत दे. मलेबी दे, पाहू तं खरं कशी लागते तुह्यी बैलाची कोशिंबीर.

गुड्डी : घे. कशी झाली?

कुंताबाई : थांब, चावू दे. हं. कचकच लागते. हिरवी लागते. वाईट नाही. कैरीनं चव आली, लिंबू असतं तं फिकी लागली असती. फोडणी असती तं अजून बरी झाली असती.

गुड्डी : काकी, तुला?

ललिताबाई : गोड लागते शेवटाले.

कुंताबाई : कोंब जरा जून होते, ललिता. राग नको मानू.

ललिताबाई : हव. पुढच्या वेळेस कवळे तोडीन.

(पुढच्या वर्षीचा कार्तिक. कुंताबाईंच्या घरची ओसरी. गुड्डीच्या हातात ग्रामपंचायतीचा कागद, बाजूला पोर झोपलेलं.)

ललिताबाई : बाबा झोपले का तुह्ये?

गुड्डी : आता डोळा लागला. तीन दिवस बसूनच होते. हा कागद आजच द्यायचा आहे ग्रामपंचायतीत. नाव, वय, पत्ता लिहिला. खाली विचारते, माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं.

ललिताबाई : मुलगी लिही.

गुड्डी : लिहिलं.

ललिताबाई : दाखव. हं, मु, ल, गी. बरोबर आहे.

गुड्डी : तुला वाचता येते, काकी?

ललिताबाई : साक्षरतेचा वर्ग होता गावात, तेव्हा शिकली. जाऊबाईबी येणार होत्या. मी जातो म्हटल्यावर त्यायनं नाव काढून घेतलं. अंगठाच करत राहिल्या. माह्या मागं बसायचं नव्हतं त्यायले.

गुड्डी : शेवटच्या दिवसांत तुला हाक मारायची ना ती.

ललिताबाई : पाणी मागे. तुह्या हातानं नको म्हणे, तू लेकराजवळ राय, ललिता पाजील. नातवाले सव्वा महिना आंघोळ घातली त्यायनं. एक दिवस मले हात लावू दिला नाही. पाणी मात्र माह्या हातानं.

गुड्डी : तिला कधी समजलं असेल का गं? बोडीचं?

ललिताबाई : नाही सांगू शकत. जायच्या आठ दिवस आधी मी चमच्यानं पाणी पाजून राहिली होती. मले म्हणे, ललिता, पोरगी माह्याच दुधावर वाढली ना. मी म्हटलं, हव, जाऊबाई. म्हणे, मंग तू काहून रडून राहिली. मी म्हटलं, धूर लागला.

गुड्डी : गॅसवर कसला धूर.

ललिताबाई : तेच त्यायनं म्हटलं. अन् तोंड उघडलं, अजून एक चमचा पाज म्हणून.

गुड्डी : काकी, रडू नको.

ललिताबाई : रडत नाही. विचार करून राहिली. माह्या कागदावर चंद्रकुमार लिहील, मुलगा.

गुड्डी : मी लिहीन तुझ्या कागदावर.

ललिताबाई : काय लिहिशील? पुतणी. कागदावर एकच लिहिता येते. राहू दे ते. तारखेची जागा रिकामी दिसते.

गुड्डी : तूच सांग, मी लिहिते.

ललिताबाई : लिही. कुंताबाई सोमाजी गभणे. सात नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, शुक्रवार, सकाळी साडेसहा वाजता, राहत्या घरी वारली.